ब्रेकचा लाल दिवा: दोष ब्रेकमध्ये की वायरीत?

हँडब्रेक पूर्ण खाली आहे, पेडल नेहमीसारखं घट्ट लागतंय, तरी मीटरमधला लाल दिवा विझत नाही. किंवा याच्या उलट, हँडब्रेक ओढला तरी दिवा लागतच नाही. पहिल्या तक्रारीसाठी माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. दुसरी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि दोघींत जास्त धोक्याची तीच. असं का, हे या दिव्याचं सर्किट एकदा समजलं की कळतं. सर्किट अवघडही नाही. दहावीच्या विज्ञानातली वीज आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर बहुतेक दोष सापडतात.

आधी दिवा नेमका कोणता, ते पाहू. वर्तुळ, त्याच्या दोन्ही बाजूंना कंस आणि मध्ये उद्गारचिन्ह, रंग लाल: हा ब्रेकचा इशारा. काही गाड्यांत त्याच्या जोडीला वर्तुळातलं इंग्रजी ‘पी’ अक्षर असतं. शेजारचा पिवळा ‘एबीएस’ (जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लिहिलेला दिवा वेगळा, आणि पेडल दाबल्यावर गाडीच्या मागे लागणारा ब्रेक लाइट तर पूर्ण वेगळ्या सर्किटवरचा. तो पेडलजवळच्या स्विचवर चालतो. गॅरेजमध्ये ‘ब्रेक लाइटचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगितलं की हमखास गोंधळ होतो, म्हणून ‘मीटरमधला लाल दिवा’ असं स्पष्ट सांगावं.

बटण अर्थच्या बाजूला

घरातल्या दिव्याचं बटण फेजच्या वायरीत असतं. बटण दाबलं की करंट दिव्यापर्यंत पोहोचतो. ब्रेकच्या दिव्यात रचना उलटी आहे. बॅटरीकडून निघालेला करंट चावीच्या स्विचमधून आणि मीटरच्या फ्यूजमधून दिव्यापर्यंत आधीच येऊन थांबलेला असतो. दिव्यातून पुढे निघालेली वायर स्विचपर्यंत जाते, आणि स्विच तिला गाडीच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी (बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूशी) जोडतो. अर्थ मिळाला की दिवा लागतो.

अर्थ देणारी ठिकाणं मात्र एकाहून जास्त असतात. साध्या हॅचबॅकमध्ये किमान दोन. पहिलं, हँडब्रेकच्या लिव्हरखालचा छोटा स्विच. लिव्हर पूर्ण खाली बसला की तो स्विचचा दांडा दाबून धरतो आणि संपर्क तुटतो. लिव्हर थोडा उचलला की दांडा बाहेर येतो, संपर्क जुळतो, दिवा लागतो. दुसरं ठिकाण ब्रेक ऑइलच्या टाकीत. तिथे फ्लोटमध्ये, म्हणजे ऑइलवर तरंगणाऱ्या तुकड्यात, लोहचुंबक बसवलेला असतो आणि टाकीच्या तळाशी किंवा झाकणाच्या दांड्यात रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीतल्या दोन पातळ पत्र्या. ऑइल कमी झालं की फ्लोट खाली येतो, चुंबकाच्या ओढीने पत्र्या चिकटतात आणि दिव्याला अर्थ मिळतो. एबीएस असलेल्या गाडीत तिसरा मालक असतो तो एबीएसचा कंट्रोलर. स्वतःत मोठा बिघाड दिसला की तोही हाच लाल दिवा लावतो. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत हा तिसरा मालक गृहीतच धरावा.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं निदान त्यांच्यावर उभं आहे. दिव्याची वायर कुठे सोलली जाऊन बॉडीला टेकली, तर दिवा सतत पेटलेला राहतो. फ्यूज उडत नाही, कारण करंट दिव्यातूनच येतोय. १.२ वॉटचा छोटा बल्ब १२ व्होल्टवर जेमतेम ०.१ अँपिअर घेतो. पण तीच वायर तुटली, कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधून) निसटली किंवा बल्ब गेला, तर दिवा कायमचा मुका होतो. उद्या टाकी रिकामी झाली तरी तो लागणार नाही. पेटलेला दिवा निदान चौकशी तरी करायला लावतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. चावी ऑन केल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला म्हणजे सर्किट ठीक, असं बहुतेकांना वाटतं. त्या वेळी मीटर फक्त आपला दिवा तपासतो. मीटरपासून टाकीपर्यंत गेलेली वायर त्या चाचणीत येतच नाही. ती मधेच तुटलेली असली तरी सकाळी दिवा व्यवस्थित लागून विझेल.

मल्टिमीटर काढण्याआधी

दिवा खरं बोलतोय असं धरूनच सुरुवात करायची. चालत्या गाडीत दिवा लागला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, स्पंजासारखं लागतंय किंवा हळूहळू बुडतंय, तर दोष वायरीत नाही. वेग कमी करा, खालच्या गिअरमध्ये येत इंजिनाची ओढ वापरा, हँडब्रेक हळूहळू लावून गाडी बाजूला घ्या आणि तिथून टोइंगनेच हलवा. पेडल ठीक असेल तरी बाजूला थांबून ऑइलची पातळी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टाकी बोनेटखाली, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) असते. पांढरट अर्धपारदर्शक प्लास्टिकवर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात. गाडी सपाट जागी उभी करून बाहेरूनच पातळी बघा. झाकण उगाच उघडू नका, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ‘डॉट ४’ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाण १५५ अंशांचं आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाट उतरताना ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जिवावर बेततो.

पातळी मिनच्या जवळ असेल, तर लगेच ऑइल ओतून दिवा विझवणं ही सर्वात जास्त होणारी चूक. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकत जातो. त्याच्या मागे तयार होणारी जागा ऑइल भरून काढतं, आणि तेवढी पातळी टाकीत खाली येते. म्हणजे गळती नसतानाही कमी झालेलं ऑइल पॅड संपत आल्याचं सांगत असतं. आधी पॅड पाहा. घर्षणाचा थर २-३ मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदला. नवे पॅड घालताना पिस्टन आत ढकलला की पातळी आपोआप वर येते. मधल्या काळात वरून ऑइल भरलं असेल तर ते या वेळी टाकीतून बाहेर येतं आणि बोनेटखालचा रंग उडवतं.

पॅड जाड आहेत आणि तरी ऑइल कमी, तर गळती शोधायची. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, पुढचे रबरी होज, कॅलिपरची सीलं, पाइपांचे जोड. एक जागा सहज सुटते: मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल थेट बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) पोटात जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो थोडा पुढे ओढला की जोडावर ओल दिसते. आणि हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लचचं ऑइलही याच टाकीतून जातं. तिथे क्लचच्या सिलिंडरची गळती ब्रेकचा दिवा लावते. चारही चाकं उघडून काही सापडलं नाही, तर गिअरबॉक्सजवळ बघा.

दिवा सपाट रस्त्यावर बंद आणि वरंधा किंवा आंबेनळी घाटाच्या वळणांवर लुकलुकत असेल, तर वायरिंग उघडायची घाई नको. पातळी काठावर आली की वळणावर ऑइल टाकीत एका बाजूला धावतं आणि फ्लोट क्षणभर खाली जातो. ब्रेक दाबल्यावर ते पुढे सरकतं आणि तेच होतं. असा दिवा अगदी बरोबर काम करतोय.

पातळी मॅक्सवर, पॅड जाड, पेडल घट्ट, गळती नाही. एवढं नक्की झालं, की मगच हा विजेचा दोष मानायचा.

हत्यारं आणि खबरदारी

डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही टोकांना चिमटे असलेली आणि मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घातलेली एक वायर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि मिळाला तर त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्राम महत्त्वाचा, कारण काही गाड्यांत टाकीतला स्विच उलटा चालतो: ऑइल भरलेलं असताना जोडलेला, कमी झालं की तुटलेला. अशा गाडीत टाकीचं कपलर काढलं की दिवा विझण्याऐवजी लागतो. खालच्या पायऱ्या नेहमीच्या, ऑइल कमी झाल्यावर जोडणाऱ्या स्विचसाठी लिहिल्या आहेत.

हँडब्रेक खाली ठेवून काम करायचंय, म्हणून गाडी सपाट जागी, दोन चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके किंवा दगड. इंजिन बंद असेल तर गिअरमध्ये ठेवा. मधलं कन्सोल उघडायचं असेल तर त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. एअरबॅगचा कंट्रोलर बहुधा तिथेच, हँडब्रेकच्या आसपास असतो. त्याची कपलरं सहसा पिवळी असतात. त्यांना हात लावायचा नाही, आणि मल्टिमीटरची सुई तर मुळीच नाही.

दिवा विझतच नाही

उपाय एकच: अर्थ देणारे एकेक करून बाजूला काढत जायचं.

मीटर बघायला एक माणूस गाडीत बसवा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. बोनेट उघडून ऑइलच्या टाकीचं छोटं दोन पिनांचं कपलर काढा. दिवा विझला? मग दोष टाकीतच. ऑइल पुरेसं असताना फ्लोट खाली आहे, याची दोन नेहमीची कारणं. जुना फ्लोट ऑइल पिऊन जड होतो आणि बुडतो, किंवा तळाच्या गाळात अडकतो. टाकीला बोटाने हलके टिचक्या मारून पाहा. दिवा विझला तर फ्लोट अडकलेला होता. टाकी साफ करून ऑइल बदलायची वेळ झालीय. टिचक्यांनी फरक पडला नाही तर फ्लोट बुडालाय किंवा रीड स्विच चिकटलाय. ज्या गाड्यांत स्विच झाकणात असतो तिथे झाकण बदललं की काम झालं. बऱ्याच गाड्यांत मात्र फ्लोट टाकीच्या पोटात बंद असतो आणि पूर्ण टाकीच बदलावी लागते. कपलरच्या आतही डोकावा. हिरवट पूड दिसली तर पाणी शिरलंय. प्रेशरने इंजिन धुतल्यानंतर किंवा किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे फार होतं. पिनांमध्ये साचलेला ओला क्षार दोन टोकांना हलकासा जोडतो. जुन्या बल्बला तेवढ्या करंटने काही होत नसे, पण आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला तेवढी गळतीही स्विच लागल्यासारखी वाटू शकते.

दिवा विझला नाही, तर कपलर तसंच काढलेलं ठेवून हँडब्रेककडे वळा. लिव्हर आणखी खाली दाबून धरा. विझला तर स्विचचा दांडा पुरेसा दाबला जात नाहीय: स्विचची पट्टी वाकलीय, स्क्रू सैल झालाय, किंवा केबल जाम होऊन लिव्हरच पूर्ण परतत नाहीय. शेवटची शक्यता गंभीर आहे. मागचे ब्रेक थोडे लागलेलेच राहतात आणि ड्रम तापतो. थोडं अंतर चालवून मागच्या चाकांजवळ हात नेऊन बघा, ड्रमला स्पर्श न करता. एका बाजूला जास्त धग लागली तर विजेचं काम बाजूला ठेवून आधी केबल सोडवा.

लिव्हर दाबूनही फरक नाही, तर कव्हर उघडून स्विचची वायर काढा. आता विझला तर स्विच आतून चिकटलाय. सांडलेला चहा, वाळू आणि वर्षानुवर्षांची धूळ या स्विचवरच पडत असते. स्वस्त भाग आहे, घासत बसण्यापेक्षा बदलावा. नवा बसवताना पट्टी अशी जुळवा की लिव्हर पहिला खटका घेताच दिवा लागेल आणि पूर्ण खाली आला की नक्की विझेल. तिसऱ्या-चौथ्या खटक्याला लागणारा दिवा चुकीचा. अर्धवट ओढलेल्या हँडब्रेकवर गाडी चालत राहील आणि लायनर जळतील.

दोन्ही सुटे आहेत आणि दिवा अजून पेटलेला. आता दोनच वाटा उरतात.

लाल दिव्यासोबत एबीएसचाही पिवळा दिवा लागलेला असेल, तर इशारा कंट्रोलरचा आहे. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक होऊ शकतात. मागच्या ब्रेकचा दाब आवरून धरणं हे ईबीडी या भागाचं काम. एखाद्या चाकाचा सेन्सर गेला तर बऱ्याच गाड्यांत फक्त पिवळा दिवा लागतो. दोन किंवा अधिक सेन्सर गेले, कंट्रोलरचा फ्यूज किंवा अर्थ गेला, की ईबीडीही बंद पडतं आणि लालही लागतो. अशा गाडीत जोराच्या ब्रेकला मागचा भाग फिरू शकतो, तेव्हा हा दोष ब्रेकचाच समजून जपून चालवा. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. मग एबीएसचे फ्यूज, मग स्कॅनर. बाजारातले स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. इथे चॅसिसचे, म्हणजे ‘सी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर हवा. एबीएसचं मोठं कपलर चावी ऑन असताना कधीही काढू नये, आणि ते काढून ‘दिवा जातो का’ हे पाहण्यातही अर्थ नाही: कंट्रोलर सुटला की बऱ्याच गाड्यांत दिवे उलट लागतातच.

फक्त लाल दिवा पेटलेला असेल, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. चावी बंद करा, मल्टिमीटर ओहमवर लावा, एक सुई स्विचच्या सुट्या वायरीला आणि दुसरी रंग नसलेल्या कोऱ्या धातूला. मीटरचं मागचं कपलर काढणं शक्य असेल तर तेही काढा, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे फसवा आकडा येणार नाही. निरोगी वायर इथे अनंत दाखवते. काही ओहमच दिसले तर टेकलेली जागा शोधायची. मल्टिमीटर बीपवर (दोन सुया विजेने जोडल्या गेल्या की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून वायरिंग थोडं थोडं हलवत जा. बीप तुटली की जागा सापडली. सुरुवात अलीकडे ज्याने कुणी स्क्रू मारला त्या जागेपासून करा: आर्मरेस्ट, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, रिमोट लॉक. आर्मरेस्टचा लांब स्क्रू हँडब्रेकच्या वायरीत घुसणं अगदी नेहमीचं. मग सीटच्या रुळाखालची गालिच्याची बाजू, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातलं रबरी बुच, आणि बॅटरीजवळचा भाग, जिथे उंदीर वायरींची सालं कुरतडतात. गालिचा ओला असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय का तेही पाहा. तिचं पाणी पुढच्या सीटच्या पायाशी साचतं आणि कपलरं कुजवतं.

काही जुन्या जपानी गाड्यांत आणखी एक वाट आहे. बल्ब तपासण्याची सोय अल्टरनेटरच्या वायरीतून दिलेली असते, त्यामुळे अल्टरनेटर बिघडला की बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा जोडीने लागतात, कधी मंद. असे दोन्ही एकत्र लागले तर ब्रेकच्या मागे न लागता आधी चार्जिंग मोजा.

दिवा लागतच नाही

वापरलेली गाडी घेताना ही तपासणी पहिल्या पाच मिनिटांत करावी. दोष काढण्याऐवजी बल्ब काढून ठेवलेल्या किंवा वायर कापून टेप लावलेल्या गाड्या बाजारात असतात. चावी ऑन, हँडब्रेक ओढलेला, आणि लाल दिवा नाही: सौदा तिथेच थांबवून कारण विचारा.

निदान हँडब्रेकच्या स्विचपासून सुरू करा. वायर काढा, चावी ऑन करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी सुई कोऱ्या धातूला, लाल सुई वायरीला. बल्बवाल्या मीटरमध्ये इथे जवळपास बॅटरीएवढा व्होल्टेज दिसायला हवा. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये तो ५ व्होल्टच्या आसपासही असू शकतो. व्होल्टेज आहे आणि हीच दिव्याची वायर असल्याची खात्री झाली, की फ्यूजवाल्या वायरीने ती अर्थला जोडा. दिवा लागला तर मीटर, बल्ब, फ्यूज आणि इथपर्यंतची वायर सगळं ठीक. दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. या स्विचला बऱ्याचदा एकच वायर असते. अर्थ त्याला बसवलेल्या स्क्रूमधूनच मिळतो. स्क्रू सैल, खाली गंज किंवा रंग, एवढ्यानेही दिवा मुका होतो.

व्होल्टेज दिसतो पण अर्थला जोडल्यावर दिवा लागत नाही किंवा मंद लागतो, तेव्हा फसायला होतं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही, त्यामुळे एका तारेवर लोंबकळणारी किंवा आतून कुजलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. करंट ओढायची वेळ आली की ती कोसळते. म्हणून मोजमाप दिवा लागलेल्या स्थितीत करा. स्विच जोडलेला, हँडब्रेक ओढलेला, आणि स्विचच्या वायरीपासून बॉडीपर्यंतचा व्होल्टेज बघा. तो शून्याजवळ, ०.१ व्होल्टच्या आत हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तर स्विचचा संपर्क किंवा अर्थ खराब. शून्य आहे आणि तरी दिवा मंद, तर अडथळा अलीकडे, मीटरच्या बाजूला आहे.

वायरीवर व्होल्टेजच नसेल, तर मीटरमधले इतर दिवे बघा. सगळेच बंद असतील तर फ्यूज. एवढाच बंद असेल तर बल्ब, त्याच्या होल्डरचा संपर्क, किंवा मीटरपासून इथपर्यंतची वायर. टाकीच्या कपलरवर व्होल्टेज मिळतोय पण हँडब्रेकवर नाही, असं आढळलं तर तुटलेली जागा दोन्ही वायरी वेगळ्या होतात त्याच्या पुढे, हँडब्रेकच्या फाट्यात आहे. फक्त एका जास्तीच्या मापाने अर्धं वायरिंग शोधातून वगळता येतं.

हँडब्रेकवर दिवा लागतो म्हणून टाकीची बाजूही चांगली, असं मात्र धरू नये. तिचा फाटा वेगळा आहे आणि तोच खरा जीव वाचवणारा. हँडब्रेक खाली, चावी ऑन, मीटरची सुरुवातीची चाचणी संपून दिवा विझला की टाकीचं कपलर काढा आणि गाडीच्या बाजूच्या दोन पिना छोट्या वायरीने जोडा. दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर त्या दोनपैकी एक पिन अर्थ देतेय का ते बीपवर बघा, दुसरीवर व्होल्टेज येतोय का ते मोजा. दिवा लागला तर टाकीच्या बाजूचा स्विच तपासायचा राहिला. स्विच झाकणात असेल तर कपलर परत जोडून झाकण सरळ वर उचला. फ्लोट दांड्यावरून खाली घसरतो आणि दिवा लागायला हवा. झाकण उचलण्याआधी भोवतीची धूळ फडक्याने पुसा, आणि थेंब रंगावर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जोडणी आणि नंतर

तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नये. बोनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो आणि पहिल्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. वायर झाळून तिच्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब तापवून बसवा, आणि जोड मूळ वायरिंगच्या बाजूने बांधून ठेवा, लोंबता नको. कपलरच्या पिना क्लीनरने धुऊन पूर्ण सुकू द्या. पिन सैल असेल तर ती घट्ट करा किंवा बदला. नाहीतर धक्क्याधक्क्याला दिवा लुकलुकत राहील आणि दोष पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागेल.

दुरुस्तीनंतर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. चावी ऑन केल्यावर दिवा लागतो, हँडब्रेकच्या पहिल्या खटक्याला लागतो, लिव्हर खाली गेल्यावर विझतो, आणि टाकीच्या स्विचने लागतो. मग टाकीवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून त्या दिवसाच्या पातळीवर रेघ मारा, तारीख लिहा. आठवड्याने त्याच सपाट जागी गाडी थंड असताना पाहा. ऑइल रेघेखाली गेलेलं दिसलं, तर वायर दुरुस्त झाली असली तरी गळती अजून शोधायची आहे.